डाव्या पंखावरचा डाग

वस्तू जितकी लहान, तितकी ती बनवणाऱ्याची जबाबदारी मोठी, हे कुणीही विचारी माणूस मान्य करील. खरं लढाऊ विमान कारखान्यात एकोणीस दिवसांत तयार होत असे. तेच बहात्तर पट लहान करायला आमच्या विमान-मॉडेल मंडळाच्या सभासदाला सरासरी चार वर्षं लागतात. (खऱ्या विमानाला नुसतं उडायचं असतं. आमच्या विमानाला परीक्षकांसमोर उभं राहायचं असतं.)

मंडळाचे नियम कडक, पण न्याय्य आहेत. वैमानिकाच्या आसनाला पट्टे हवेत, पट्ट्यांना बकल हवी, बकलेला जीभ हवी. विमानाचे दोन अर्धे एकदा चिकटवले की यातलं काहीही कुणाला दिसत नाही. म्हणून ते आत आहे अशी शपथ घ्यावी लागते. मागे एका सभासदाने शपथ घेताना डोळे मिचकावले. त्याचं विमान करवतीने कापून पाहण्यात आलं. पट्टे होते, बकल होती, जीभही होती. मंडळाने दिलगिरी व्यक्त केली आणि विमान दोन तुकड्यांत असल्यामुळे बाद केलं.

शिवाय विमान नवंकोरं दिसून चालत नाही. ते बनवून झालं की मळवायचं. जन्मात स्वतःची बशी न विसळलेले गृहस्थ इथे तीन छटांची धूळ विकत आणतात आणि एका केसाच्या ब्रशने ती चाकांवर बसवतात.

अशा या मंडळात दातांचे एक डॉक्टर सलग अकरा वर्षं दुसरे आले होते. हात कसबी, हत्यारं घरचीच. दाढ कोरायच्या सुईने ते पंखावर खिळ्यांच्या रांगा उठवत आणि तोंडात घालायच्या आरशाने विमानाचं पोट तपासत. (आरसा मधे धूत असत, असं ते म्हणतात.) हे सगळं घरातल्या जेवणाच्या टेबलावर चाले. घरची माणसं इतकी वर्षं मांडीवर ताट घेऊन जेवत.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला. "अहो, यंदा पहिला नंबर आणलात तर टेबल तुमचं, कायमचं. मी ब्र काढणार नाही. नाही आणलात तर ही सगळी हवाई सेना माळ्यावर."

डॉक्टरांनी तत्काळ मंडळातलं सर्वांत मानाचं विमान करायला घेतलं. त्या विमानाचा जगात एकच फोटो आहे आणि मूळ प्रत मंडळाच्या कपाटात कुलपात असते. फोटोत विमानाच्या डाव्या पंखावर तपकिरी रंगाचं अर्धवर्तुळ आहे. ही इंधनगळती होय. मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे एका निवृत्त इंजिनिअरांनी, तिच्यावर चाळीस पानी प्रबंध लिहिला आहे. वर्तुळाचा उरलेला अर्धा भाग पंखाबाहेर, आकाशात आहे. त्याचा खुलासा प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात केला आहे (वारा). आकाश मॉडेलवर येत नसल्यामुळे तेवढ्या भागापुरती सभासदांना सूट आहे. तीस वर्षांत या विमानाची बेचाळीस मॉडेलं झाली. बेचाळीसही गळकी.

फोटोची एक नक्कल डॉक्टरांनी दवाखान्याच्या छताला लावली होती, म्हणजे खुर्चीत आडव्या झालेल्या पेशंटचं तोंड उघडं असतानाही त्याचं प्रबोधन व्हावं. एके दिवशी कवळीचं माप द्यायला एक म्हातारे मिस्त्री आले, वर बघितलं आणि आ वासलेला असतानाच हसायला लागले. डॉक्टरांनी तोंडातला साचा काढला.

"अहो डॉक्टर, हे माझं विमान! नऊ वर्षं मी याचे नट आवळलेत."

"मग ही गळती तुम्हाला आठवत असेल," डॉक्टर हरखून म्हणाले.

"कसली गळती? गळलं असतं तर साहेबांनी माझी चामडी लोळवली असती. तो माझा चहा आहे. फोटो टेबलावर पडला होता, त्यावर कप ठेवला. ओरडापण खाल्ला होता त्याबद्दल."

डॉक्टर घरी आले आणि विमानासमोर बसून राहिले. डाग तेवढा रंगवायचा बाकी होता. रंगवला तर पहिला नंबर आणि टेबल. न रंगवला तर खरं विमान.

"रंगवून टाका की गपचूप," बाई म्हणाल्या. "मिस्त्री काय ओरडत येणारेत का?"

"मी कुणाला न दिसणाऱ्या बकलेलाही जीभ लावलीय गं," डॉक्टर म्हणाले. "आता पंखावर चहा कसा सांडू?"

स्पर्धेला डॉक्टर डाग नसलेलं विमान, मिस्त्री आणि मिस्त्रींनी आठवण म्हणून जपलेला टवका उडालेला कप घेऊन हजर झाले. मंडळाने कुलूप काढून मूळ फोटो बाहेर आणला. मिस्त्रींनी कप ठेवला. पंखावरचं अर्धं आणि आकाशातलं अर्धं, दोन्हींवर तो तंतोतंत बसला.

तिघा परीक्षकांनी शांतपणे विचार केला. अध्यक्ष म्हणाले, "आजोबा, तुम्ही या विमानासोबत किती वर्षं होता?"

"नऊ."

"मी तेवीस वर्षं आहे."

निकालपत्रात पुढील निष्कर्ष नोंदवले आहेत. मिस्त्री विमानाच्या फार जवळ होते, त्यामुळे त्यांची साक्ष तटस्थ धरता येत नाही. कप डागावर तंतोतंत बसतो, यावरून तो कप डागाच्या मापाने बनवून घेतला असावा. आणि त्या विमानाला खरोखरच डाग नसेल, तर ती त्या विमानाची चूक आहे. स्पर्धेत भाग घेताना त्याने फोटो पाहायला हवा होता.

डॉक्टर दुसरेही आले नाहीत. बाई शब्दाच्या पक्क्या. त्याच संध्याकाळी टेबल मोकळं झालं आणि सगळी हवाई सेना माळ्यावर चढली. घरचे समोरासमोर जेवायला बसले. वडील समोरून असे दिसतात हे लेकीला प्रथमच कळलं. आतापर्यंत तिला फक्त टक्कल ओळखीचं होतं. डॉक्टरांनी भाजी वाढून घेतली आणि चमचा उजेडात धरून त्याची कड बराच वेळ न्याहाळली.

दुसऱ्या आठवड्यात एक परीक्षक स्वतःच्या घरी स्वतःचा कप फोटोच्या नकलेवर ठेवून बघताना आढळला. त्याचं सभासदत्व रद्द झालं.

आता वाचकहो, तुम्ही मिस्त्रींच्या बाजूने आहात हे मला दिसतंय. परीक्षकांना तुम्ही मूर्खही ठरवून मोकळे झालात. ठीक आहे. पण त्या बिचाऱ्यांनी निदान फोटो तरी पाहिला होता. तुम्ही तो पाहिलेला नाही. कप पाहिलेला नाही. मिस्त्री पाहिलेले नाहीत. एका म्हाताऱ्याने सांगितलं, एवढ्यावर तुमची खात्री पटली, आणि तीही अशी की आता कुणी काही दाखवलं तरी हलायची नाही.

परीक्षकाची एक जागा रिकामी आहे. कधी रुजू होताय?