शेषरावाचं स्वतःचं भाषण

शेषरावाचं भाषण तोंडपाठ होतं. पंचाईत एवढीच झाली, की त्याच्या आधी उभ्या राहिलेल्या तिघांनी तेच म्हणून टाकलं.

चिखलीच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती, विषय 'श्रमाचे महत्त्व'. मराठीचे प्राध्यापक भगवंतराव वर्गात नोट्स सांगत, मुलं त्या उतरवून घेत आणि परीक्षेत जशाच्या तशा परत करत. मनाचं लिहिणाऱ्याचे मार्क सर कापत. 'दुसऱ्याचे लेखन चोरणे हे पाप आहे' हे वाक्यसुद्धा मुलांनी त्यांच्याच नोट्समधून पाठ केलं होतं. तेव्हा स्पर्धेसाठी प्रत्येक जण गुपचूप सरांकडे गेला, यात नवल नव्हतं. सरांनीही कोणाचं मन मोडलं नाही. भाषण मात्र त्यांच्याजवळ एकच होतं.

शेषरावाचा जीव निराळ्याच कारणानं टांगणीला लागला होता. तिसऱ्या रांगेत त्याचे वडील उकंडराव मांडीवर शिदोरी घेऊन बसले होते. सोनाळ्याहून आल्या आल्या त्यांनी बजावलं होतं, "कालेजात काय शिकून राह्यला ते पाह्यतो. काही दिसलं त ठीक, नाही त चाल वावरात."

नाव पुकारलं गेलं. "मित्रहो, श्रम हीच खरी श्रीमंती" हे आता समोरच्या पोरांनाही पाठ झालं होतं. शेषराव माइकसमोर जाऊन उभा राहिला.

"माह्याजवळ भाषण नाही," तो म्हणाला. "होतं ते हे तिघं बोलून गेले. माहे बाबा समोर बसले हायेत. औंदा पेरणीत आमचा एक बैल लंगडला, त बाबानं सोताच जुवाले खांदा देल्ला. दुसऱ्या बैलानं लय वेळ त्याइच्याकडे पाह्यलं, मंग तोबी जोरानं चालाले लागला. मले वाटते, त्याले लाज वाटली असंन."

सभागृह खळखळून हसलं, मग टाळ्या थांबेनात. ढाल शेषरावाला मिळाली. उकंडरावांनी डोळे पुसले आणि एवढंच म्हणाले, "शिक बापा."

पुढच्या वर्षी उकंडराव न बोलावताच आले, नवं धोतर नेसून. शेषरावाचा नंबर पुन्हा तिघांनंतर होता. विषयही तोच, कारण विषय बदलायची कॉलेजात पद्धत नव्हती. पहिला उभा राहिला सुलतानपूरचा वामन.

"माह्याजवळ भाषण नाही. माहे बाबा समोर बसले हायेत." त्यानं बोट दाखवलं ते थेट उकंडरावांकडे. मग बैल लंगडला. दुसऱ्याचंही तेच बोट, तोच बैल. तिसऱ्याचंही तसंच. उकंडराव दर वेळी उठून सभेला नमस्कार करत होते.

शेषराव रडकुंडीला येऊन सरांकडे धावला. "सर, हे माहं हाये. चोरी हाये हे."

"चोरी कसली?" सर शांतपणे म्हणाले. "उत्तम नमुना म्हणून खालच्या वर्गाला मीच सांगितलं. आता ती आपली नोट आहे."

स्पर्धा आटोपल्यावर उकंडरावांनी त्या तिघांना बोलावलं. पोरं मान खाली घालून उभी राहिली. उकंडरावांनी शिदोरी सोडली आणि प्रत्येकाच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला.

"बाबा, याइले लाडू काऊन?" शेषराव चिडला.

"पोट्टे हायेत न माहे. साऱ्याइच्या समोर बोलले," उकंडराव समाधानानं म्हणाले. "वावरात पऱ्हाटीचा कापूस फुटून राह्यला, वेचाले मानसं भेटत नाहीत. श्रमाचं महत्त्व त तुमाले पाठच हाये. चाला बे, यष्टी लागली असंन."