पुराव्याचा फोटो

मुलीच्या लग्नाचे फोटो आपणच काढायचे, हे थ्रासीवूलोसने ठरवलं ते रागाच्या भरात. त्याच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय रागाच्या भरातच झाले होते, आणि त्यातला एकही त्याने मागे घेतलेला नव्हता. (पुष्कळ मागे घेता आले असते, असं त्याच्या बायकोचं, एव्हान्थियाचं म्हणणं. तिची यादी लग्नापासूनच सुरू होते.)

त्याचं असं झालं की ग्रीसमधल्या त्यांच्या वोलोस शहरातल्या एका फोटोग्राफरला बोलणी करायला घरी बोलावलं होतं. चांगला गृहस्थ होता, दाढी नीट कातरलेली, बोलणं मऊ. कॉफी पिता पिता त्याची नजर कपाटावरच्या दोन मोठ्या फ्लॅशवर गेली आणि तो म्हणाला, "काका, हे अजून चालतात?"

बस्स. थ्रासीवूलोसची तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी नोकरी त्याने बंदरावरच्या कस्टममध्ये लोकांच्या पेट्या उघडण्यात घालवली होती. आता निवृत्तीनंतर कुणीतरी येऊन त्याच्याच सामानावर संशय घ्यावा? तो फोटोग्राफर आपणहून उठून गेला की त्याला घालवला, यावर घरात दोन मतं आहेत. त्याची कॉफी मात्र अर्धी राहिली, यावर एकमत आहे.

"चालतात म्हणे! अरे, धावतात!" दार लावून घेत थ्रासीवूलोस ओरडला. "स्मारोच्या लग्नाचे फोटो मी काढणार!"

"तू मुलीचा बाप आहेस," एव्हान्थिया म्हणाली. "बापाला लग्नात कामं असतात."

"चर्चच्या दारापर्यंत तिला न्यायचं आणि नवऱ्याच्या हवाली करायचं. एवढंच ना? हात मोकळेच असतात पुढे."

स्मारोने कपाळाला हात लावला. पण बापाला ती ओळखून होती. "ठीक आहे बाबा," ती म्हणाली. "बाकीचे कसेही येऊ देत. मला एकच फोटो नीट हवा. पायाचा."

पायाचा फोटो म्हणजे काय, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. लग्न लागताना पवित्र ग्रंथातला उतारा वाचतात, आणि त्याच्या शेवटी 'बायकोने नवऱ्याचं भय धरावं' असं येतं. नेमक्या त्या शब्दाला नवरीने नवऱ्याच्या पायावर पाय द्यायचा. सणसणीत! अख्खं चर्च त्यासाठी टाचा उंचावून उभं असतं. पाय पडला, तर घरात शब्द बायकोचा.

स्मारोचा हट्ट उगाच नव्हता. तिच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे आईच्या लग्नात पाय बरोबर पडला होता. थ्रासीवूलोसच्या म्हणण्याप्रमाणे त्याने पाय वेळेवर मागे घेतला होता आणि तिची टाच फरशीवर आपटली होती. त्या क्षणाचा जो एकमेव फोटो आहे, त्यात लग्नाला आलेल्या एका मित्राचं कोपर दिसतं. तेव्हापासून पडद्यांचा रंग कोणता, उन्हाळ्यात कुणाकडे जायचं, मसुराच्या आमटीत व्हिनेगर कधी घालायचं, अशी सगळी भांडणं फिरून त्या पायाशीच येतात.

"मला तुमच्यासारखं जन्मभर वाद घालत बसायचं नाही," स्मारो म्हणाली. "मला पुरावा पाहिजे."

"देतो!" थ्रासीवूलोस छाती काढून म्हणाला.

त्याची व्यवस्था तशी साधी होती. कॅमेऱ्यावर एक छोटा फ्लॅश, आणि दोन बाजूंना स्टँडवर दोन मोठे. वायर कुठेच नाही. मोठ्या फ्लॅशच्या पोटावर एक लाल काच असते; छोटा चमकला की त्या काचेला ते दिसतं आणि मोठे त्याच क्षणी चमकतात. आदल्या दिवशी दिवाणखान्यात त्याने रंगीत तालीम घेतली. नवरी म्हणून सासूबाईंना, पोलिक्सेनीआजीला उभं केलं, नवरा म्हणून एव्हान्थियाला. आजीने लेकीच्या पायावर असा काही पाय दिला की लेक किंचाळली. आणि तिन्ही फ्लॅश एकदम! खोली पांढरी झाली. थ्रासीवूलोसच्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं उजेडामुळे.)

लग्नाच्या दिवशी सकाळीच त्याने चर्चमध्ये स्टँड लावून ठेवले. डावा मेणबत्त्यांच्या परातीपाशी, उजवा मधल्या टेबलाच्या मागे, भिंतीला लागून. मग घरी येऊन कोट चढवला, गळ्यात कॅमेरा अडकवला आणि मुलीला घेऊन निघाला.

"बाबा, निदान दारापर्यंत तरी तो काढून ठेवा ना," स्मारो म्हणाली.

"शस्त्र खाली ठेवत नाहीत," बाप म्हणाला.

चर्चच्या दारात जावई उभा होता, झीसिस. थ्रासीवूलोसने मुलीचा हात त्याच्या हातात दिला, प्रेमाने त्याला मिठी मारली, आणि कॅमेरा जावयाच्या बरगडीत घुसला. जावई कळवळला. सासऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं; तो आत धावलाही होता.

पहिला फोटो. क्लिक. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चमकला. डावा गप्प. उजवा गप्प.

दुसरा फोटो. डावा गप्प, उजवा गप्प.

तेवढ्यात मेलबर्नहून आलेल्या कलिरोईने, म्हणजे एव्हान्थियाच्या चुलतबहिणीने, पर्समधून एक गुलाबी रंगाचा चपटा कॅमेरा काढला, एक डोळा मिटला आणि बटण दाबलं. तिचा इवलासा फ्लॅश लुकलुकला आणि डावा मोठा फ्लॅश धाडकन उजळला. मेणबत्त्या विकणारी बाई दचकून मागे सरली.

थ्रासीवूलोस बघतच राहिला. आपला फ्लॅश! आपल्या पैशाचा, आपल्या कपाटावरचा, आपण फडक्याने पुसलेला, आणि परक्या बाईचं ऐकतो? त्याला वाटलं, हे असंच होत आलंय. घरात मांजरसुद्धा एव्हान्थियाच्याच मांडीवर बसतं.

"कलिरोई, तो बंद कर!" तो तिच्या कानाशी फणफणला.

"का हो भावजी?"

"तुझा चमकला की माझा चमकतो! मग त्याला परत भरायला वेळ लागतो, आणि नेमका मी बटण दाबतो तेव्हा तो रिकामा असतो!"

"म्हणजे माझे फोटो चांगले येतायत?" कलिरोई हरखून म्हणाली, आणि तिने आणखी एक काढला.

आता त्याला दिसायला लागलं. इकडून एक फोन चमकतोय, तिकडून कुणाचा कॅमेरा, आणि डावा फ्लॅश दिसेल त्याला सलाम ठोकतोय. त्याचं पित्त खवळलं. विधी चालू असताना तो पाहुण्यांकडे वळला आणि कस्टममध्ये रांगेपुढे लावायचा तो आवाज त्याने लावला: "कॅमेरे आत! फोन आत! सगळ्यांचे! फोटो फक्त मी काढणार!"

पाद्री मंत्र म्हणता म्हणता थांबला. "थ्रासीवूलोस," तो म्हणाला, "लग्न मी लावतोय की तू?"

"तुम्हीच लावा फादर. पण हे लोक उजेड चोरतायत."

पाद्रीने वर छताकडे पाहिलं आणि पुढे सुरू केलं. लोकांनी मुकाट्याने फोन खिशात टाकले. डावा फ्लॅश सुधारला. थ्रासीवूलोसने बटण दाबलं की तो चमकू लागला. उजवा मात्र ढिम्म.

डोक्यावर मुकुट चढले. नवरा-नवरीच्या मुकुटांची अदलाबदल झाली. तो सगळा सोहळा थ्रासीवूलोसच्या कॅमेऱ्यात एका बाजूने उजळला आणि दुसऱ्या बाजूने काळाकुट्ट राहिला. प्रत्येकाचं अर्धं तोंडच तेवढं दिसत होतं. त्याने लांबूनच उजव्या फ्लॅशचा दिवा पाहिला, पेटलेला होता. म्हणजे बॅटरी ठीक. अंतर? कालच्यापेक्षा जास्त नव्हतं. मग कारण बाहेरचंच असणार. त्याची संशयी नजर फिरत फिरत व्याह्यांवर, व्रासिदासवर स्थिरावली. व्याह्यांच्या कानात ऐकायचं यंत्र होतं. तेही बिनतारी.

"ते काढा," तो व्याह्यांपाशी जाऊन कुजबुजला.

"काय?"

"कानातलं! माझा फ्लॅश अडतोय!"

(फ्लॅश काचेतून बघतो, ऐकत नाही, हे त्याच्याइतकं त्या चर्चमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. पण माणूस भडकला की आपलंच ज्ञान त्याच्या उपयोगी पडत नाही.) व्याह्यांनी बिचाऱ्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं. त्यामुळे मुलाच्या लग्नाचा पुढचा भाग त्यांना ऐकू आला नाही. फ्लॅश चमकला नाही तो नाहीच.

"थ्रासो, इथे ये आणि बापासारखा उभा राहा!" एव्हान्थिया दातओठ खात म्हणाली.

"तो चमकत नाहीये!"

"दृष्ट लागलीये त्याला," शेजारून पोलिक्सेनीआजी शांतपणे म्हणाली. "सकाळी मुलाकडच्या एका बाईने चर्चच्या अंगणात स्टँड पाहिले आणि 'काय सुंदर आहेत!' म्हणाली. ना थू केलं, ना काही. मी तेव्हाच ओळखलं. पण तुम्ही काळजी करू नका, जावईबापू. मी बंदोबस्त केलाय."

थ्रासीवूलोस तिच्याकडे वळला. "कसला बंदोबस्त, आई?"

"निळा मणी लावला, वर डोळा रंगवलेला. उजव्याला. तोच जरा देखणा आहे."

"कुठे लावला?"

"त्याला तो लाल डोळा आहे ना, त्यावर. दृष्ट डोळ्यातूनच शिरते. मेणबत्तीच्या मेणाने असा घट्ट बसवलाय की पडायची भीती नाही."

थ्रासीवूलोसने उजव्या स्टँडकडे पाहिलं. काल याच बाईला आपण नवरी म्हणून उभं केलं होतं! आणि तिकडे वाचन सुरू झालंसुद्धा. उतारा फार मोठा नसतो. उभ्याने गेलो तर सगळ्यांच्या आड येऊ, म्हणून तो गुडघ्यांवर बसला आणि नवा कोट, कडक कॉलर, गळ्यात लोंबणारा कॅमेरा अशा थाटात टेबलामागून रांगत निघाला. पाहुण्यांनी वाट दिली. एका म्हातारीने त्याला भाविक समजून क्रूसाची खूण केली.

तो स्टँडपाशी पोहोचला. लाल काचेवर निळा मणी डोळे वटारून बसला होता. त्याने नखांनी मेण खरवडायला सुरुवात केली. वाचणाऱ्याचा आवाज चढत होता. मेण निघत नव्हतं. सासूबाईंच्या हातचं होतं, निघणार कसं? "स्वतःवर जशी... तशी पत्नीवर..." वाचणारा शेवटाकडे आला. थ्रासीवूलोसने एक हिसका दिला. टप्! मणी हातात आला.

"सुटला!" तो ओरडला.

"...आणि बायकोने नवऱ्याचं भय धरावं!"

मागे टाच आपटली. झीसिस "आई गं!" म्हणून ओरडला. अख्खं चर्च हसलं. आणि त्याच क्षणी उजवा फ्लॅश थ्रासीवूलोसच्या नाकापुढे वीतभरावर पेटला. डावाही पेटला. दोघंही एकदम, कालच्यासारखे.

त्याला काही दिसेना. नुसते हिरवे गोळे तरंगत होते. कॅमेरा गळ्यात होता, बोट बटणापासून दूर होतं, हातात मेण लागलेला मणी होता. त्याने बटण दाबलंच नव्हतं.

"बाबा, आला ना?" स्मारोने मान वळवून हळूच विचारलं. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

त्याने मान हलवली. कशी हलवली ते त्यालाही कळलं नाही. एका फोटोचा शब्द दिला होता पोरीला, आणि तो एकच हुकला. तिथे गुडघ्यांवर बसल्या बसल्या त्याला रडू येईलसं वाटलं, आणि त्याचाही राग आला.

जेवणात त्याने कोकराच्या मटणाला हात लावला नाही. त्सिपुरो दारूचे घोट घेत, मुलीला कसं सांगावं याची वाक्यं जुळवत तो बसला होता. एवढ्यात कलिरोई गुलाबी कॅमेरा घेऊन आली.

"भावजी, रागवू नका. तुम्ही नको म्हणालात, पण एक काढला मी."

पडदा लहान होता, पण फोटो! स्मारोची टाच झीसिसच्या बुटावर बरोबर मधोमध. झीसिसचं तोंड उघडं. पाद्री दाढीत हसतोय. दोन्ही बाजूंनी असा सुरेख उजेड की बुटाच्या नाडीचे वेढेसुद्धा मोजून घ्यावेत. आणि नवरा-नवरीच्या बरोबर मधल्या मोकळ्या जागेत, त्याच सुरेख उजेडात, नव्या काळ्या विजारीतलं थ्रासीवूलोसचं बूड.

स्मारो हसता हसता टेबलावर कोसळली. मग उठून बापाच्या गळ्यात पडली. "बाबा! पुरावा!"

तो फोटो आता स्मारोच्या दिवाणखान्यात भिंतीएवढा लावलाय. येणारा-जाणारा थांबतो, आधी टाचेकडे बघतो, मग मधे बघतो आणि विचारतो, "कुणी काढला हो? काय उजेड आहे!" स्मारो कलिरोईमावशीचं नाव घेते, आणि थ्रासीवूलोस तिथे असला तर खुर्चीतून ताडकन उठतो.

"उजेड माझा आहे!" तो गरजतो. "फ्लॅश माझे! स्टँड माझे! तिने नुसतं बटण दाबलं! खाली माझं नाव लिहा!"

"लिहू की," एव्हान्थिया शांतपणे म्हणते. "पण नाव कशाला हवं? बघताक्षणी ओळखतात सगळे."