हाकेला ओ

आमच्या ऑफिसात कुठल्याही कंपनीचं नाव सरकारदरबारी जाण्याआधी सांगलीच्या विश्रामबागेतल्या रस्त्यावर जातं. म्हणजे हवालदारकाका गॅलरीत येतात, कठडा दोन्ही हातांनी धरतात आणि ते नाव पूर्ण ताकदीनं ओरडतात. मग थांबतात, मान थोडी तिरकी करून. जणू कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून ती कंपनी आता धावत येणार आहे. कोणी येत नाही. काका आत येतात आणि फाइलवर पेन्सिलीनं टिक करतात किंवा डोकं हलवतात.

"नाव म्हंजे हाक मारायची वस्तू हाय," ते म्हणतात. "हाकेला ओ आली पायजे. जे नाव रस्त्यावर टिकत न्हाई ते कोर्टात काय टिकनार?"

कंपन्यांची नोंदणी करून देणं हा आमच्या सरांचा व्यवसाय. सांगलीत बसून परदेशी कंपन्यांची कामं कशी मिळतात, असं लोक विचारतात. मिळतात. ऊस, द्राक्षं, हळद, दूध म्हटलं की कोणीतरी परदेशी माणूस यंत्रं घेऊन येतोच, आणि इथे कंपनी काढायची तर आधी नाव मंजूर करून घ्यावं लागतं. आधीच्या कुठल्या कंपनीच्या नावाशी जुळलं, तर नकार. त्यात आमचे निम्मे दिवस जातात.

दत्ताजी मोहिते हे काकांचं खरं नाव. गाव रहिमतपूर. सैन्यात क्लार्क होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. तिथे मैदानाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या जवानांची हजेरी घ्यायचे. तो आवाज पेन्शनबरोबर घरी आला.

मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं. "इरा," मी म्हटलं.

"हे नाव हाय का उचकी?" असं म्हणत ते गॅलरीत गेले आणि बाहेरूनच ओरडले, "इराऽऽ!"

मी आत, खुर्चीवर, त्यांच्यापासून सात पावलांवर होते. "प्रेझेंट," मी पुटपुटले. शाळेत बारा वर्षं हेच म्हटलेलं.

"प्रेझेंट न्हवं. ओ म्हनायचं. पोटातनं."

मला त्या दिवशी ओ म्हणता आलं नाही. अजूनही नीट येत नाही. पण काकांनी टिक केली. "चालंल," म्हणाले, "नाव बारकं हाय, पर लांब जातंय."

त्यांच्या या पद्धतीला सर आधी हसायचे. मग एक इटालियन कंपनी आली. फळं पॅक करायची यंत्रं बनवणारी. नाव 'मेला'. त्यांच्या भाषेत मेला म्हणजे सफरचंद. सरांनी फॉर्म भरून तयार ठेवला. काका गॅलरीत गेले आणि छाती फुगवून ओरडले, "मेलाऽऽ!"

चहाच्या गाड्यावरून तीन माणसं पळत जिना चढून आली. एकानं तर येताना पाण्याचा तांब्याही आणला होता. "कोन? कोन मेला?"

"सफरचंद," काका शांतपणे म्हणाले.

सरांनी नावामागे 'इटालिया' लावून बघितलं. काका म्हणाले, "म्हंजे अक्खा देशच गेला व्हय!" शेवटी त्या लोकांनी इथल्यापुरतं वेगळंच नाव घेतलं. तेव्हापासून सरही गॅलरीचा निकाल आला का, असं विचारूनच फॉर्म पाठवतात.

असा हा नावांचा माणूस. पण स्वतःच्या बायकोला नावानं हाक मारताना त्यांना कोणी ऐकलेलं नव्हतं. घरून फोन आला की "अगं", घरी फोन लावला की "अगं". मोबाइलमध्ये नंबर 'घर' या नावानं. आमच्याकडे टायपिंग करणारी शुभांगी एकदा म्हणाली, "काका, टेम्पोच्या मागं लिहिलेलं नाव पण तुम्ही मोठ्यांदा वाचता. काकूंचं नाव काय हो?"

"हाय की एक," काका म्हणाले आणि पंच मशीन उघडून त्यातल्या टिकल्या झाडू लागले.

मागच्या हिवाळ्यात एक डच कंपनी आली. दूध थंड ठेवायच्या टाक्या बनवणारी, तीन पिढ्यांची घरगुती कंपनी. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या बाई घशातून काहीतरी म्हणाल्या, ते आम्हाला 'खोडा' असं ऐकू आलं. पलीकडच्या टेबलावरून काका ओरडलेच, "आवं सायब, धंदा सुरू व्हायच्या आदीच खोडा?" सरांनी घाईनं माइक बंद केला. बाईंनी पुढे सांगितलं की हे त्यांच्या कंपनी काढणाऱ्या आजोबांच्या आईचं नाव, म्हणून ते बदलणार नाही.

कॉल संपल्यावर मी फॉर्म काकांपुढे ठेवला. त्यावर इंग्रजीत चार अक्षरं होती. काकांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"हे खोडा न्हवं," ते म्हणाले. "हे गोदा हाय."

"छान आहे की," सर म्हणाले. "गोदावरीतलं गोदा. जा, मारा हाक."

काका उठले नाहीत. "घसा बसलाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही घसा बसलेला होता, तिसऱ्या दिवशीही. एरवी मात्र ते खालच्या भाजीवाल्याशी वरूनच कोथिंबिरीची घासाघीस करत होते. सरांना त्यांनी दुसरी नावं सुचवली. 'शीतल', 'हिमगंगा', 'डच दूध'. शेवटी सरांनी वैतागून हाकेशिवायच अर्ज पाठवला, आणि तो परत आला. या नावाची कंपनी आधीच अस्तित्वात आहे, सांगलीत. सर म्हणाले, "इरा, कोण आहे ते बघ. त्यांच्याकडून ना-हरकत पत्र मिळालं, तर काम होईल. नाहीतर हे लोक पुण्याला दुसऱ्याकडे जातील."

मी नोंद उघडली. गोदा, एका व्यक्तीची कंपनी. व्यवसाय काही नाही, पण दरवर्षीचे कागद तारखेच्या आत भरलेले. संचालक, कृष्णाबाई दत्ताजी मोहिते. पत्ता आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर.

मी सरांना लगेच काही सांगितलं नाही. चहाच्या वेळी काकांच्या टेबलापाशी जाऊन नुसता छापलेला कागद ठेवला. काकांनी तो बशीनं झाकला.

"आता सापडलं म्हन की," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

काकू मूळच्या औंधच्या. त्यांचे वडीलही सैन्यात. त्यांची नेमणूक नाशिककडे असताना त्या जन्मल्या, म्हणून नाव गोदा. लग्न ठरलं आणि काकांच्या आई म्हणाल्या, कृष्णाकाठच्या घरात गोदा कशाला? एका घरात दोन नद्या म्हणजे पूर. नाव बदलायचं ठरलं.

"ताटात तांदूळ पसरलं. अंगठीनं नाव मीच लिवलं, 'कृष्णा'. अक्षर माजं लय चांगलं. समदी वा वा म्हनली. ती नुस्ती तांदळाकडं बघत बसली." त्यांनी बशी थोडी सरकवली. "तवापासनं कृष्णा म्हनायला माजी जीभ उचलली न्हाई. गोदा म्हनलं तर आई चिडायची. मग अगं. अगंला कोन हरकत घेतंय?"

"आणि कंपनी?"

"आई गेल्यावर काढली. हितं काम करून एक कळलं, पोरी. सरकारनं एकदा दिलेलं नाव कुनाच्या सासूला बदलता येत न्हाई. साऱ्या जगात तिचं खरं नाव त्या एका कागदावर हाय. आता त्यातबी वाटेकरी?"

मी म्हटलं, "काकूंना विचारलंत?"

काकांनी बशी उचलून कागद पुन्हा बघितला. हे त्यांना सुचलंच नव्हतं, असं दिसलं.

तासाभरानं तेच सरांकडे गेले आणि कंपनी आपल्या घरातली असल्याचं सांगून आले. सर रागावले नाहीत. "त्यांचं नाव आहे, हवालदार," एवढंच म्हणाले. "त्या नाही म्हणाल्या, तर नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू स्वतःच ऑफिसात आल्या. ठेंगण्या, काखेत पर्स, हातात बाजाराची पिशवी. मी त्यांना ना-हरकत पत्र मराठीत समजावून सांगितलं. डच आजोबांच्या आईचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तिचंबी नाव गोदाच व्हय? मग वापरू द्या की. नाव काय हिरीतलं पानी हाय, दोघींनी शेंदलं म्हनून आटायला?"

"अगं, पर तुजं एवढं एकच," काका म्हणाले.

"माजं कुठलं? कपाटात साड्यांखाली कागद हाय. कागदाला कोन हाक मारतंय?"

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. 'गोदा कंपनीतर्फे' असं छापलेल्या ओळीखाली त्यांनी सावकाश सही केली, कृष्णाबाई. पेनाला टोपण लावलं आणि पिशवी उचलून जिना उतरून गेल्या.

सर खाकरले. "हवालदार, फॉर्म आज पाठवायचाय. गॅलरीचा निकाल बाकी आहे."

काका गॅलरीत गेले. मी फाइल घेऊन दाराशी उभी राहिले. खाली काकू फाटकातून बाहेर पडून बाजारात जायला रिक्षासाठी थांबल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. काकांनी कठडा धरला. छाती भरून घेतली, सोडली, पुन्हा भरून घेतली. मैदानभर हजेरी घेणाऱ्या माणसाचा आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"गोदाऽऽ!"

भाजीवाल्यानं वर बघितलं. एक रिक्षा थांबली आणि निघून गेली, कारण काकूंनी तिला हात केला नाही. काका मान थोडी तिरकी करून थांबले, नेहमीसारखे.

काकू वळल्या नाहीत. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग खालून आवाज आला, बारीक, पण पोटातनं.

"ओ."

काका बराच वेळ आत आले नाहीत. फाइलवर टिक त्या दिवशी मी केली.