एकशे चाळीस टक्के चाके

रुग्णालयांना चाकांच्या खुर्च्या पुरवणाऱ्या एका कंपनीचे तीन कारखाने होते. एकात चाके होत, दुसऱ्यात सांगाडे आणि तिसऱ्यात ब्रेक. तिघांचा मेळ घालायला मुख्य कचेरीत एक नियोजनबाई नेमल्या होत्या. मेळ बसत नाही हे त्यांना तिसऱ्या महिन्यात कळले. तोवर चाकांच्या कारखान्याला एकशे चाळीस टक्के उत्पादनाबद्दल ढाल मिळून गेली होती.

गोदामात चाकांचे ढीग छताला लागले. ब्रेकसाठी आलेली तार ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती परत गेली. तार नाही, म्हणून ब्रेक नाहीत. ब्रेकच्या कारखान्याने महिनाभर काहीच बनवले नाही. 'सदोष माल शून्य' म्हणून ढाल त्यालाही मिळाली.

बाई सभेत उभ्या राहिल्या. "साहेब, आठवडाभर चाकं थांबवू या. पूर्ण खुर्च्या बाराच झाल्यात."

"पूर्ण खुर्ची कुठल्या कारखान्यात बनते?" साहेबांनी विचारले.

"एकट्या कुठल्याच नाही."

"मग तक्त्यात तिला रकाना कुठून असणार? रकाना नाही त्याची चर्चा नाही."

"दुसऱ्यांच्या आळसापायी आमच्या पोटावर पाय का, बाई?" चाकांचे व्यवस्थापक दुखावून म्हणाले.

शुक्रवारी पाचशे खुर्च्या रवाना व्हायच्या होत्या. सबब ब्रेक हा 'मागाहून बसवण्याचा भाग' समजावा, असे ठरले. बाईंनी त्यावर सही केली नाही. सही शेजारच्या टेबलावरून मिळाली आणि बाईंची बदली गोदामात, चाके मोजायला झाली.

आठवड्याच्या आत एका रुग्णालयाच्या उतारावरून एक आजोबा खुर्चीसकट सुटले. मागे धावणारी परिचारिका, पुढे बंद फाटक. मनगट मोडले. बातमी कळताच बाई चाके तशीच टाकून तिथे पोचल्या. प्लास्टरमधला हात पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"आजोबा, तुम्ही लेखी तक्रार द्या. मी साक्षीला उभी राहते."

"तक्रार कशी देऊ?" आजोबा ओशाळले. "परवाच तुमच्या कंपनीनं मोबाईलवर विचारलं होतं, नव्या खुर्चीतला पहिला प्रवास कसा झाला म्हणून. नातीनं न वाचताच पाच तारे दाबले."

"न वाचता?"

आजोबांनी त्यांच्याकडे नीट पाहिले.

"मग तुम्ही काय वाचून दाबता होय?"