गव्यांचा तक्ता आणि साळिंदरांचा अंतिम सामना

एका जंगलात, मुलांनो, प्राणी रग्बी खेळत. चेंडू म्हणजे वाळका भोपळा. तो पोटाशी धरायचा, अडवणाऱ्यांना चुकवत पळायचं आणि पलीकडच्या रेघेपार टेकवायचा. जो कळप अजिंक्य ठरेल, त्याने उन्हाळाभर पाणवठ्यावर पहिलं पाणी प्यायचं. बाकीच्यांच्या वाट्याला गाळ.

गव्यांचा कप्तान होता भीमाप्पा. अंगाने दांडगा, मनाने हळवा. गेल्या वर्षी हंगामभराच्या गुणांच्या तक्त्यात साळिंदरं पहिली आली आणि गवे चौथे. गाळ पिऊन गव्यांची वासरं आजारी पडली. भीमाप्पा तडक दरबारात गेला.

"महाराज, तक्ता कसला बघता? पहिल्या चौघांत बाद फेरी लावा. खरा वीर अंतिम सामन्यातच कळतो!"

सिंहमहाराजांना गर्दी फार आवडे. त्यांनी लगेच मान डोलावली.

साळिंदरांचा कप्तान शिसोजी कळवळून म्हणाला, "वर्षभराची मेहनत एका दिवसाच्या नशिबावर सोडायची? शोभतं का हे?"

त्याचं कोण ऐकतो!

यंदा गवे चौदाच्या चौदा सामने जिंकले. साळिंदरं कशीबशी तिसरी आली. पण बाद फेरीत तीही तरली आणि अंतिम सामन्यात गव्यांसमोर उभी राहिली. "यंदा पाणी आपलंच," असा शब्द भीमाप्पाने वासरांना दिला होता.

बरोबरी झाली होती. शेवटच्या क्षणी शिसोजीने भोपळा पोटाशी घेतला, अंगाचं मुटकुळं केलं आणि गडगडत सुटला. त्याला मिठी मारून पाडणार कोण? एकटा भीमाप्पा धावला. नाकात सात काटे घेऊन परत आला. शिसोजी रेघेपार पोहोचला होता.

काटे न काढताच भीमाप्पाने दरबार गाठला. "महाराज, वर्षभराची मेहनत एका दिवसात मातीत? खरा वीर तक्त्यातच कळतो!"

"छे, छे," शिसोजी म्हणाला. "अंतिम सामन्यातच!"

महाराज वैतागले. "रोजची कटकट नको. भीमाप्पा, तू सांग. तक्ता की अंतिम सामना? तू म्हणशील तोच पुढच्या वर्षापासून कायमचा कायदा."

भीमाप्पाच्या डोळ्यांपुढे गाळाशी ताटकळलेली वासरं आली. त्याचा जीव तुटला. तक्ता म्हणावा, तर पुढच्या वर्षी आपण चौथे आलो तर? अंतिम सामना म्हणावा, तर पुन्हा पहिले येऊन शेवटी हरलो तर?

"महाराज," तो म्हणाला, "एवढी घाई कशाला? पुढचा हंगाम संपू दे. मग ठरवू."

"अगदी मनातलं बोललास," शिसोजी म्हणाला, आणि दोघांचं आयुष्यात प्रथमच एकमत झालं.

तात्पर्य: मुलांनो, न्यायाचा नियम कोणताही चालतो. फक्त तो निकाल हाती आल्यावर करावा.