उंटाला सांगितलेलं 'हो'

मला ही गोष्ट सांगायची नव्हती. वैजयंतीबाईंनी गळ्यात मारली. त्या कॉम्प्युटरचा क्लास घेतात. म्हणाल्या, "तात्या, सी भाषेत प्रोग्रॅम लिहिताना मधेच एकाच प्रोसेसरची असेम्ब्ली, म्हणजे त्या एकालाच कळणारी बोली, घातली तर काय होतं, ते पोरांच्या डोक्यात शिरत नाही. तुमच्या तर घरात शिरलं होतं. तुम्हीच लिहून द्या."

मी म्हटलं, देतो. नावानिशी देतो.

तर म्हणे, "नावं नकोत. जनावरं घाला."

घातली जनावरं. मी चौथीत शाळा सोडली, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नका.

एका जंगलात एक हौद होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका, सांगितलं तर लगेच ओळखाल. विहिरीवर रहाट होता. रहाटाला बैल जुंपलेला असायचा. तो गोल फिरायचा, पाणी वर यायचं, हौद भरायचा.

हौदाच्या उताराला साळूबाईचं बीळ होतं. साळूबाई म्हणजे साळिंदर. हौद बांधायच्या आधीपासून ती तिथे राहत होती. हे लक्षात ठेवा, पुढे सगळे विसरणार आहेत.

आता जंगलात जनावरं अनेक, बोल्या अनेक. म्हणून कामाचे हुकूम एका सगळ्यांच्या भाषेत लिहीत. तिचं नाव सी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यायचा. तो विसरला की काम ठप्प.

विहिरीवरच्या पाटीवर लिहिलं होतं: हौद भरेपर्यंत ओढ; हौद भरला की थांब;

पाटी वाचायला खांबावर एक पोपट बसलेला असे. रहाटाला कोण जुंपलंय ते तो बघायचा आणि हुकूम त्याच्या बोलीत करून द्यायचा. शिंगं दिसली की बैलाच्या बोलीत. मान लांब दिसली की उंटाच्या. पोपट म्हणजे तुमचा कंपायलर. हे लिहून घ्या, परीक्षेत येतं.

पोपटात एक खोड होती. बोलायचा लांबलचक. 'थांब' म्हणायचं तर म्हणे, "बैलराव, हौद भरला असल्याकारणाने आता पाय उचलणं बंद करावं." तेवढ्यात बैल अर्धी फेरी पुढे. पाणी काठावरून सांडायचं आणि साळूबाईचं अंगण ओलं व्हायचं.

कोल्हा त्या विहिरीचा इंजिनिअर होता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र. तो म्हणाला, "हे काय चाललंय? पाटीवर मधेच सरळ बैलाच्या बोलीत लिहू. भरला की 'हो'."

बैलाला थांबवायला 'हो' म्हणतात. तुम्ही कधी बैलगाडीत बसला नसाल, म्हणून सांगतो.

"पोपटराव, एवढा शब्द जसाच्या तसा म्हणायचा. डोकं लावायचं नाही."

"मला काय," पोपट म्हणाला. "पण हा शब्द बैलाचा आहे. उद्या दुसरं कोणी जुंपलं तर?"

"हा इशारा समजू?"

"इशाराच आहे."

"मग इशारे बंद. पाटीच्या वरच तसं लिहितो."

लिहिलंसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून हौद भरला की पोपट म्हणे, "हो." बैल जागच्या जागी उभा. थेंब सांडेना. काम चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू. साळूबाईनं कोल्ह्याला कंदमुळं नेऊन दिली.

देताना तिनं विचारलं, "साहेब, त्या शब्दाच्या बाजूला एक ओळ टाकता का? बैल असेल तर 'हो' म्हण. बैल नसेल तर आपल्या नेहमीच्या भाषेत 'थांब'. जरा सांडेल, पण थांबेल तरी."

"बाई, त्यानं पाटी गचाळ दिसते. आणि जंगलात रहाट ओढणारं जनावर एकच आहे."

"आज एकच आहे."

"तुम्हाला फार कळतं," कोल्हा म्हणाला आणि कंदमुळं घेऊन गेला.

पुढे बैल थकला. वनराज सिंहानं नवं जनावर मागवलं, उंट. चारा कमी, पाणी त्याहून कमी, उन्हात तापत नाही. कोल्ह्यानं दरबारात छाती ठोकून सांगितलं, "पाटीला हात लावायची गरज नाही महाराज. सीमध्ये आहे. कुठल्याही जनावरावर चालते."

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत पाटी कोणी वाचली नव्हती.

त्याच आठवड्यात साळूबाईला पिल्लं झाली होती. त्यांचे काटे अजून मऊ होते.

उंट जुंपला. बिचारा सभ्य. परक्या मुलखातला, त्यामुळे जास्तच सभ्य. प्रत्येक फेरीला पोपटाकडे बघून विचारायचा, "अजून ओढू?" हौद रिकामा होता तोवर पोपट त्याला त्याच्याच बोलीत म्हणाला, "ओढा उंटराव, कृपा करून ओढत राहावं."

हौद भरला.

"अजून ओढू?" उंटानं विचारलं.

पोपट म्हणाला, "हो."

उंटानं ओढलं. पाणी काठावरून गेलं.

"अजून?"

"हो."

"भरलाय वाटतं."

"हो."

"तरी ओढू?"

"हो."

उंटाला वाटलं, इथली हीच रीत असेल. तो मान खाली घालून जोरात ओढायला लागला. पाणी उतारावरून सुटलं ते थेट बिळात.

साळूबाई धावत वर आली. तोंडात एक पिल्लू. ते कोरड्यात ठेवून ओरडली, "थांबव रे त्याला."

"मी तेच म्हणतोय," पोपट म्हणाला. "ते त्याला कळत नाही."

"मग त्याला कळेल असं सांग."

"त्या शब्दाला डोकं लावायचं नाही, असं साहेबांनी सांगितलंय. इशारा देऊ का विचारशील, तर तेही बंद आहेत."

साळूबाई पुन्हा पाण्यात शिरली. एकेक करून सगळी पिल्लं बाहेर आणली. मग जाऊन उंटाच्या पायात काटा मारला. काटा सगळ्या बोल्यांत एकच असतो. उंट थांबला.

पिल्लं वाचली. बीळ ढासळलं.

दरबार भरला. साळूबाई म्हणाली, "महाराज, मला बीळ नको, मी दुसरं खणीन. साहेबांनी एवढंच म्हणावं की चुकलं."

कोल्हा म्हणाला, "महाराज, पाटी बरोबर आहे. बैलावर तपासलेली आहे. उंट सदोष आहे."

उंटानं विचारलं, "मी?"

"आणि मुळात," कोल्हा साळूबाईला म्हणाला, "हौदाच्या उताराला बीळ करायचं कशाला?"

"बीळ आधीचं आहे महाराज."

"विषय तो नाही," सिंह म्हणाला. कोल्ह्याला दुरुस्ती करायला सांगितली.

दुरुस्ती म्हणजे पाटीवर एक ओळ घालायची होती. ती घातली तर आधी चुकलं होतं असं दिसलं असतं. म्हणून कोल्ह्यानं पाटीला हात लावला नाही. त्यानं उंटाच्या डोक्याला शिंगं बांधली.

पोपटानं शिंगं बघितली. म्हणाला, "बैल." आणि सगळे हुकूम बैलाच्या बोलीत द्यायला लागला. पहिलाच हुकूम, "हैक." म्हणजे ओढ. उंटाच्या बोलीत 'हैक' म्हणजे बस. उंट बसला. तो अजून बसलाय.

हौद कोरडा पडला. जनावरं तहानेनं नदीकडे जायला लागली. साळूबाईही पिल्लं घेऊन गेली. जाताना दरबाराकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

कोल्ह्यानं अहवाल दिला: शिंगं बसवल्यापासून एकदाही पूर आलेला नाही.

त्याला बढती मिळाली. आता तो जंगलातल्या सगळ्या हौदांचं बघतो.

तात्पर्य: पोरांनो, प्रोग्रॅममध्ये एकाच प्रोसेसरची असेम्ब्ली खुशाल घाला. दुसऱ्या प्रोसेसरसाठी साधी सी ठेवायच्या भानगडीत पडू नका आणि कंपायलरचे इशारे आधी बंद करा. दुसरा प्रोसेसर येईपर्यंत तुम्ही वरच्या मजल्यावर गेलेले असता आणि पाणी खालीच वाहतं.

झाली गोष्ट. वैजयंतीबाई, जनावरं घातली, तुमचं ऐकलं. आता माझं ऐका. माझी खोली पाण्याच्या टाकीच्या आधीची आहे. पंपाचं नवं मशीन आलं त्या दिवशी टाकी भरून वाहिली तेव्हा मी आत झोपलो होतो. "टाकीखाली राहता कशाला?" असं मला भर मीटिंगमध्ये विचारणारा आणि चुकलं एवढा एक शब्द अजून न म्हटलेला, त्या पंपाचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कोल्हा नाही. त्याचं नाव मिलिंद खरवंडीकर.