आडव्या भिंतीचे प्रमाणित प्रशिक्षक

२००६ सालापर्यंत पुण्यात कड्यावर चढायला कसलंही प्रमाणपत्र लागत नसे. नागरिक आपापल्या जबाबदारीवर चढत आणि, अधिक चिंताजनक म्हणजे, त्याच जबाबदारीवर उतरतही. कोंडीराम पासलकर एकवीस वर्षं गावामागच्या काळ्या कड्यावर लोकांना प्रस्तरारोहण शिकवत होते. मधल्या काळात गाव महापालिकेत गेलं, कडा तिथेच राहिला. त्यांचा एकही विद्यार्थी कधी पडला नाही. त्यामुळे त्यांची कुठल्याच दप्तरात नोंद नव्हती.

प्रश्न उभा केला तो शेफालीने. ती एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मनुष्यबळ विभागात होती आणि चाळीस इंजिनियरांमध्ये मार्चअखेरपर्यंत परस्परविश्वास निर्माण करण्याचं काम तिच्याकडे होतं. ती कड्याशी आली, वर पाहिलं आणि म्हणाली, "काका, सर्टिफिकेट आहे ना तुमच्याकडे?"

कोंडीरामांनी दोन्ही तळवे पुढे केले. त्यावरचे घट्टे तिने लक्षपूर्वक पाहिले.

"हे स्कॅन नाही होणार," ती म्हणाली.

शहरात अशी गरज निर्माण झाली की सहा निवृत्त गृहस्थ आपोआप एकत्र येतात. त्याप्रमाणे 'प्रस्तरारोहण प्रशिक्षक प्रमाणीकरण मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष गोपाळकृष्ण लवाटे. त्यांना गुडघ्यांचा त्रास होता, पण मसुदा लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नियम पहिला : प्रमाणपत्र देण्याचा अधिकार फक्त प्रमाणित परीक्षकास राहील. असा परीक्षक तेव्हा अस्तित्वात नव्हता. मग सहाही जण गोल बसले आणि प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्याची परीक्षा घेतली. निकाल शंभर टक्के लागला.

पहिलं प्रशिक्षण वाघोलीतल्या एका कॉलेजच्या सभागृहात झालं. मंडळाने तीस फुटी फायबरची भिंत मागवली होती. छत निघालं चौदा फुटांवर. भिंत परत घेतली जाणार नव्हती आणि छत वाढवणं मंडळाच्या कक्षेबाहेर होतं. तेव्हा भिंत जमिनीवर आडवी ठेवण्याचा ठराव झाला. विमा कंपनीने या निर्णयाचं लेखी अभिनंदन केलं.

"ही भिंत उभी आहे असं गृहीत धरून चढायचं," लवाट्यांनी सूचना दिली.

"साहेब, ही झोपलीय," कोंडीराम म्हणाले.

"आपण गृहीत धरा."

परीक्षेत शेफालीच्या कंपनीतला चेतन नावाचा तरुण इंजिनियर हेल्मेट घालून, कमरेला पट्टा आवळून पोटावर सरपटत निघाला. दोन हात, दोन पाय यांतले कुठलेही तीन बिंदू भिंतीला सतत टेकलेले हवेत, हा नियम त्याने कसोशीने पाळला. मध्यावर तो घाम पुसायला थांबला, तेव्हा टाळ्या पडल्या. सत्तावीस मिनिटांत त्याने शिखर गाठलं. विशेष प्रावीण्य.

कोंडीरामांचा नंबर आला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, चपला काढल्या आणि चालत पलीकडे गेले. वेळ नऊ सेकंद.

"दोन्ही हात मोकळे!" लवाटे हादरले. "एवढ्या उंचीवर! अहो, हा आत्मघात आहे."

कोंडीराम नापास झाले. घरी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस मात्र कड्याकडे गेले नाहीत.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी कंपनीच्या पटांगणात तीच भिंत उभी करण्यात आली. उभी करणं आणि दोर बांधणं हे अकुशल काम असल्यामुळे ते कोंडीरामांना देता आलं. प्रात्यक्षिकासाठी प्रमाणित प्रशिक्षक चेतन वर निघाला. दोराचं खालचं टोक लवाट्यांनी सांभाळलं होतं. अठरा फुटांवर चेतनने एकदा खाली पाहिलं. त्यानंतर त्याने भिंतीला जी मिठी मारली ती सुटेना.

"चेतन, हात सोड! दोर आहे!" शेफाली ओरडली.

"दोर कोणी धरलाय?" वरून क्षीण आवाज आला.

"मी!" लवाटे म्हणाले.

चेतनने मिठी आणखी घट्ट केली. चाळीस इंजिनियरांमध्ये परस्परविश्वास निर्माण होण्याची ती वेळ होती, पण सगळे फोटो काढत होते. मंडळाचा एक सभासद घाईघाईने प्रशिक्षणाची पुस्तिका चाळू लागला. 'उंची' हे प्रकरण दुसऱ्या आवृत्तीत येणार होतं.

कोंडीरामांनी चपला काढल्या.

"थांबा!" लवाटे गरजले. "तुम्हाला वर जायचा अधिकार नाही!"

"मी कुठं वर चाललोय? भिंत आडवी हाय असं गृहीत धरा," कोंडीराम म्हणाले आणि चढले.

चेतनशेजारी पोचल्यावर ते हळू आवाजात बोलू लागले. "चेतनराव, खाली नका बघू. माझ्या पायाकडं बघा. मी ठेवतो तिथं ठेवायचा."

"काका, माझे पाय थरथरतायत."

"थरथरू द्या. जित्याचं लक्षण हाय ते. हां, आता डावा."

चार मिनिटांत दोघं जमिनीवर होते. चेतनने तिथेच कोंडीरामांचे पाय धरले. मंडळाने अहवालात नमूद केलं की विनाप्रमाणपत्र व्यक्तीने केलेली सुटका ग्राह्य धरता येत नाही. सबब चेतन अद्याप वर आहे.

पुढच्या रविवारी चेतन काळ्या कड्यावर शिकायला आला. वर्षभरात चांगला तयार झाला. त्यानेच तोडगा काढला : शिकवायचं कोंडीरामांनी, झाडाला टांगायचं चेतनचं प्रमाणपत्र. वर्ग असा वाढला की बिबवेवाडीपासून पालक येऊ लागले. मुलाच्या कमरेची गाठ ओढून बघा, असं कोंडीराम प्रत्येकाला सांगत. पालक मान डोलावत आणि प्रमाणपत्र बघायला झाडाकडे जात.

एका पावसाळ्यात प्रमाणपत्र वाऱ्याने उडालं. चेतन तेव्हा कंपनीच्या कामाने परदेशी होता. कोंडीरामांनी घरात होतं ते एकमेव लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आणून टांगलं. त्यावर गोल शिक्का होता, सही होती. खाली लिहिलं होतं : म्हैस, जात मुऱ्हा, रंग काळा, लसीकरण पूर्ण, स्वभाव शांत.

ते सव्वा वर्ष तिथे होतं. एकाही पालकाने तक्रार केली नाही. दोघांनी छायाप्रत मागितली.

तुमच्या दिवाणखान्यात तुमच्या मुलीचा कड्यावरचा फोटो आहे ना, तो मी परवा निरखून पाहिला. मुलगी छान आली आहे. शेजारी तुम्ही समाधानाने झाडाकडे बोट दाखवता आहात. अक्षर अगदी स्वच्छ वाचता येतं.